रिपीटर कोणी सांभाळायचा?

आमच्या गावाच्या पश्चिमेला एक डोंगर आहे. माथ्यावर देवीचे देऊळ, देवळामागे धर्मशाळा आणि धर्मशाळेच्या शेवटच्या खोलीत आमच्या हौशी रेडिओ मंडळाचा रिपीटर. खोलीच्या छपरावरून एक लोखंडी पाइप वर गेला आहे आणि त्याच्या टोकाला एरियल आहे. दर्शनाला येणारी माणसे तिला वीज पडू नये म्हणून लावलेली सळई समजतात. एकदा तर कोणीतरी पाइपाला नवसाचे फडके बांधले होते. ते सोडवायला मी वर चढलो तेव्हा खाली उभ्या असलेल्या एक आजीबाई माझ्यावर चांगल्याच रागावल्या.

गेली अकरा वर्षे मी या मंडळाचा कार्यवाह आहे. पोटापाण्याचा व्यवसाय महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचा. रिपीटर म्हणजे काय, हे या लेखात सांगायचे आहेच. पण त्याहून अधिक मला एक मत मांडायचे आहे, आणि ते मत माझ्या स्वतःच्या एका चुकीतून तयार झाले आहे. ती चूक पुढे येईलच.

विद्यार्थी मित्रांनो, हौशी रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, स्वतःचे प्रेषण-यंत्र चालवून, कोणताही आर्थिक फायदा न घेता दुसऱ्या हौशी माणसाशी बिनतारी संभाषण करणे. अशा माणसांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे १९७८ च्या नियमांप्रमाणे वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला ही परीक्षा देता येत आली आहे; म्हणजे सातवी-आठवीतला विद्यार्थीही हॅम होऊ शकतो. परीक्षेत रेडिओचे तत्त्वज्ञान आणि नियम असे दोन भाग असतात, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कटकट्टही यावी लागते. उत्तीर्ण झालेल्यांना मिळणारी नावे तुम्ही ऐकली असतील: कोणी व्हीयू२, कोणी व्हीयू३, आणि पुढे दोन-तीन अक्षरे. हवेत माणसाची ओळख तीच. या संभाषणात धंद्याची बोलणी करायची नाहीत, गाणी लावायची नाहीत. उरते ते काय, असे विचारणाऱ्याला मी रविवारी सकाळी आमच्या मंडळाच्या हजेरीला बसवतो. मग तो दोन तास उठत नाही.

आता रिपीटरकडे वळू. आम्ही स्थानिक बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा वापरतो. ३०० ला १४५ ने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळेल. ती दोन मीटरांच्या थोडी वर येते. या लहरी एरवी आयनांबरावरून परत येत नाहीत, त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे मध्ये डोंगर आला की संभाषण संपले. सपाट जमिनीवर तरी किती अंतर मिळेल? यासाठी एक सोपे सूत्र आहे. एरियलच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. वातावरणामुळे लहरी किंचित खाली वाकतात, म्हणून हे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा जरा लांब असते. हातातला संच दीड मीटर उंचीवर धरला तर उत्तर येते पाच किलोमीटर. समोरच्याचेही पाच. म्हणजे दोघांमध्ये दहा किलोमीटर, तेही मध्ये घरे, झाडे, टेकाडे नसतील तर. पण मधल्या माणसाची एरियल आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा चारशे मीटर उंच असेल तर? चारशेचे वर्गमूळ वीस, गुणिले ४.१२ म्हणजे ८२ किलोमीटर. त्यात तुमचे पाच मिळवा. डोंगराच्या पूर्वेचा माणूस आणि पश्चिमेचा माणूस एकमेकांना कधीच ऐकू शकले नसते, पण दोघांनाही डोंगरमाथा दिसतो. माथ्यावर बसून एकाचे ऐकायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्यासाठी मोठ्याने बोलायचे, एवढेच रिपीटरचे काम.

‘त्याच क्षणी’ हे दोन शब्द मात्र फार महाग पडतात. रिपीटरला एकाच वेळी ऐकायचे आणि बोलायचे असते, म्हणून दोन्हींसाठी वारंवारता वेगवेगळ्या ठेवतात. या पट्ट्यात दोहोंतील फरक साधारणपणे ६०० किलोहर्ट्‌झ असतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आमचा प्रेषक २० वॅटचा आहे. त्याच्याशेजारी असलेला ग्राही ०.२ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संदेश ओळखतो. एरियलचा रोध ५० ओहम धरला, तर व्होल्टतेचा वर्ग भागिले रोध या तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने ही शक्ती किती येते ते काढून पाहा. प्रेषकाची शक्ती तिच्यापेक्षा किती पट? २५ वर पंधरा शून्ये! ढोल वाजवणाऱ्याने ढोल न थांबवता मुंगीची पावले ऐकावीत, असा हा प्रकार. त्यातही आम्ही दोघांसाठी एरियल एकच वापरतो.

हे साधते ते धातूच्या उंच नळकांड्यांमुळे. प्रत्येक नळकांडे अर्ध्या मीटरहून थोडे उंच, म्हणजे तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतके. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एक ठरावीक सूर उमटतो, तसे या पोकळीचे एका ठरावीक वारंवारतेशी अनुस्पंदन होते. काही नळकांडी प्रेषकाच्या वाटेवर, काही ग्राहीच्या वाटेवर. आपली ती वारंवारता ती जाऊ देतात आणि शेजारणीला अडवतात. या जोडणीला डुप्लेक्सर म्हणतात. पण येथे उष्णता आडवी येते. ॲल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला दहा लाखात २३. डोंगरावर पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने ॲल्युमिनियमची पोकळी दहा हजारात सुमारे पाच भाग लांबते आणि तिचा सूर ६५-७० किलोहर्ट्‌झने खाली उतरतो. सगळा खेळच सहाशे किलोहर्ट्‌झचा असताना हे चालणार नाही. म्हणून आतली सूर ठरवणारी दांडी इन्व्हार या लोह-निकेल मिश्रधातूची करतात. त्याचे प्रसरण ॲल्युमिनियमच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. प्रसरणांकाचा तक्ता पाठ करताना ‘याचा उपयोग काय’ असे ज्याने विचारले असेल, त्याला एकदा आमचे नळकांडे उघडून दाखवायची माझी तयारी आहे.

बाकीच्या सोयी किरकोळ. कोणाच्याही संदेशाने रिपीटर जागा होऊ नये म्हणून बोलणाऱ्याच्या आवाजाखाली ८८.५ हर्ट्‌झचा एक बारीक सूर असावा लागतो. तो ओळखला तरच दार उघडते. दर दहा मिनिटांनी रिपीटर मोर्समध्ये स्वतःचे नाव सांगतो. आणि सलग तीन मिनिटांहून जास्त बोलणाऱ्याला तो गप्प करतो. (ही सोय आमच्या वार्षिक सभेलाही लागू करावी, असे मी दोनदा सुचवले आहे.)

रिपीटर डोंगरावरच असला पाहिजे असे नाही. ५ मे २००५ रोजी ‘इस्रो’ने श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ सोडला. तो अवकाशातला रिपीटरच म्हणायचा, फक्त एका वेळी एकाऐवजी अनेकांची बोलणी पुढे पाठवणारा. सहाशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून फिरणाऱ्या त्या उपग्रहातील दोन यंत्रांपैकी एक भारतीय हॅमनी आणि दुसरे एका डच विद्यार्थ्याने बनवले होते. मी त्या वेळी नुकताच एम. एस्‌सी. झालो होतो. गच्चीवर, हातात घरी बनवलेली एरियल घेऊन, उसन्या ग्राहीवर त्याची शिट्टी मी ऐकली आहे. उपग्रह जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरता. डॉप्लरचा परिणाम मी शिकवायला लागण्याआधी असा ऐकला. नऊ वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, तो उपग्रह बंद पडला. कारण? बॅटरी. हे कारण लक्षात ठेवा.

आमच्या रिपीटरला अवकाशातली थंडी सोसावी लागत नाही, पण सह्याद्रीतला पाऊस सोसावा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माथा ढगात असतो. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. केबलच्या जोडात एखादा थेंब शिरला की पुरते. पाण्याचा विद्युत् अपारकता अंक सुमारे ८०, त्यामुळे त्या जागी केबलचा गुणधर्मच बदलतो आणि वर जाणारी शक्ती अर्ध्या वाटेवरून परत फिरते. म्हणून केबल खोलीत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकते, आत येत नाही. हे शहाणपण कोणत्याही पुस्तकाआधी आमच्या गावच्या वायरमनने आम्हाला शिकवले. पावसानंतर गांधीलमाश्या येतात. उन्हाळ्यात वानरे येतात आणि पाइपाला लोंबकळतात. एका वर्षी उंदरांनी पंख्याची वायर खाल्ली, पण बाकी काही खाल्ले नाही. का, ते कळले नाही.

या सगळ्याची देखरेख करायला आमच्याकडे पगारी माणूस नाही. मंडळाचे सभासद तीसेक. त्यांतले डोंगर चढू शकणारे बारा. त्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात: महिन्यातून एकदा वर जायचे, तपासायचे, वहीत लिहायचे. आणि येथेच ती चूक झाली.

२२ आणि २३ जुलै २०२१ हे दिवस आमच्या भागात कोणी विसरणार नाही. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. खाली चिपळूण बुडाले, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर आणि पाटण तालुक्यातल्या आंबेघरावर डोंगर खचून पडले. आमच्या तालुक्यात सुदैवाने तसे घडले नाही, पण रस्ते तुटले, २२ ला संध्याकाळी वीज गेली आणि रात्रीपर्यंत एकामागून एक मोबाइलचे मनोरेही मुके झाले. हॅम मंडळी ज्या प्रसंगासाठी आहेत असे आम्ही शाळाशाळांतून सांगत फिरतो, तोच हा प्रसंग. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप, दोन्ही वेळी हॅम संच घेऊन धावले होते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम अंदमानातच, पोर्ट ब्लेअरला, होत्या आणि तारा-टेलिफोन कोलमडलेले असताना त्यांच्या संचावरून निरोप बाहेर गेले. ही उदाहरणे माझ्या व्याख्यानात ठरलेली आहेत.

त्या संध्याकाळी वीज गेल्यावर आमचा रिपीटर बॅटरीवर आला. आमच्या एका सभासदाचा संच घरी सतत चालू असतो. त्याने रिपीटरचे मोर्समधले नाव एकदा ऐकले, दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा ते आले नाही.

बॅटरी १०० ॲम्पिअर-तासांची. नुसते ऐकत बसायला रिपीटरला ०.४ ॲम्पिअर लागतो, बोलताना ५. दिवसभरात एक तास बोलणे धरले तरी रोजचा खर्च १५ ॲम्पिअर-तासांच्या आत. बॅटरी निम्मीच वापरायची असे ठरवले, तरी ती तीन दिवस चालायला हवी होती. ती पाऊण तासही चालली नाही.

रस्ता सुरू झाल्यावर आम्ही वर गेलो. बॅटरीच्या सहाही कप्प्यांत पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेले. उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर पांढरा थर. ही हानी एका महिन्याची नव्हती. जानेवारीनंतर त्यात कोणी डिस्टिल्ड पाणी घातलेच नव्हते. पण वहीत दर महिन्याची नोंद होती. जूनच्या नोंदीत एकच शब्द होता, ‘ठीक’. खाली सही माझी.

मी जूनमध्ये खरोखर गेलो होतो. खोली उघडली, हिरवा दिवा पाहिला, मीटरचा काटा १३.६ व्होल्टवर पाहिला, ‘ठीक’ लिहिले आणि पाऊस वाढायच्या आत खाली उतरलो. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाला एवढे कळायला हवे होते, की चार्जर चालू असताना दिसणारे १३.६ व्होल्ट हे बॅटरीचे नसून चार्जरचे असतात. मेलेली बॅटरीही त्या वेळी तेवढेच दाखवते. चार्जर काढून, थोडा वेळ थांबून, भार जोडून व्होल्टता किती उतरते ते पाहायचे, प्रत्येक कप्प्यातल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने घ्यायचे, ते १.२६ च्या आसपास असेल तर भरलेली, १.१५ च्या खाली असेल तर रिकामी. हे मी दर वर्षी शिकवतो. वीस मिनिटांचे काम आहे.

ऑगस्टमध्ये आमचे एक वयस्क सभासद भेटले. खोऱ्याच्या तोंडाशी एका वाडीत राहतात, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांच्या वाडीकडचा रस्ता वाहून गेला होता आणि एका बाळंतिणीला हलवायचे होते. त्यांनी वही पुढे केली. परवानाधारकाने संभाषणाची नोंद ठेवावी असा दंडक आहे आणि गुरुजींनी न झालेल्या संभाषणाचीही नोंद ठेवली होती. रात्री ९ वाजून १० मिनिटे: हाक दिली, उत्तर नाही. ९.२५: उत्तर नाही. अशा पहाटेपर्यंत अकरा ओळी. त्या बाईला गावकऱ्यांनी सकाळी डोलीतून नेले आणि ती व बाळ सुखरूप आहेत. आमच्यामुळे कोणाचे बरेवाईट झाले असे मी म्हणणार नाही. गुरुजीही मला काही बोलले नाहीत. ‘सर, तुमची बॅटरी तेव्हा बिघडली होती का हो?’ एवढेच त्यांनी विचारले.

आता मत सांगतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून विज्ञान शिकवताना आपण वाचन घ्यायला शिकवतो, पण वाचनाची जबाबदारी घ्यायला शिकवत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीतले आकडे गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले असतात, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि तपासणाऱ्या मलाही ठाऊक असते. गुरुत्वत्वरण ९.८ आलेच पाहिजे, म्हणून ते येते. ते चुकीचे आले तर काय होते? अर्धा गुण जातो. त्या वहीतल्या ‘९.८’ मध्ये आणि माझ्या ‘ठीक’मध्ये मला काडीचाही फरक दिसत नाही. मी इतकी वर्षे जे खपवून घेत आलो, तेच मी डोंगरावर स्वतः केले.

विज्ञान प्रदर्शनांचेही तेच. दर वर्षी नवे यंत्र, नवे मॉडेल, थर्मोकोलचा नवा ज्वालामुखी. बक्षीस नव्याला. एकच वस्तू सलग वर्षभर चालू ठेवली आणि दर आठवड्याला तिची नाडी तपासली, म्हणून कोणाला बक्षीस मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. अशा माणसाकडे दाखवण्यासारखे काही नसते, कारण त्याचे यश म्हणजे काहीच न बिघडणे.

म्हणून माझे म्हणणे असे, की रिपीटरची देखरेख निम्मी तरी शाळकरी मुलांच्या हाती द्यावी. मंडळात यावर मोठा वाद झाला. जुन्या सभासदांचे म्हणणे, परवाना नसलेल्या पोरांचे तेथे काम काय? मला हे पटत नाही. प्रेषकाचे बटण दाबायला परवाना हवा, पण बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व मोजायला नको. दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. बॅटरीत सल्फ्यूरिक आम्ल असते, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. त्यामुळे चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी आणि सोबत मोठे माणूस हे नियम आम्ही केले. पाइपावर कोणत्याही मुलाने चढायचे नाही आणि आभाळ गडगडू लागले तर वर जायचेच नाही.

तिसरा आक्षेप तरुण सभासदांचा होता: हे कशाला, रिपीटर इंटरनेटला जोडू आणि घरबसल्या व्होल्टता पाहू. जरूर जोडा, नेहमीच्या दिवशी त्याची सोय आहे. पण ज्या रात्री इंटरनेट बंद असते, त्याच रात्रीसाठी हा रिपीटर आहे. आणि दूरवरून दिसला असता तो आकडाही १३.६ च असता!

कोणी विचारील, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे सारे हवेच कशाला? मोबाइल आमच्या संचापेक्षा रोजच्या कामाला शतपटीने चांगला आहे, हे मान्यच करायला हवे. पण मोबाइलचा मनोराही या कामापुरता एक रिपीटरच आहे, त्याच्याही पायथ्याशी बॅटऱ्या असतात आणि त्यांतही कोणीतरी काहीतरी पाहावे लागते. तो माणूस तुम्हाला दिसत नाही एवढेच. आमच्या खोलीत तुम्हाला तो माणूस होता येते.

२०२२ च्या जूनपासून जवळच्या माध्यमिक शाळेतील नववीचे तीन विद्यार्थी, दोन मुली आणि एक मुलगा, त्यांच्या विज्ञानाच्या बाईंबरोबर दर शनिवारी शाळा सुटल्यावर वर जातात. पुढच्या वर्षी नवे तिघे येतात आणि जुने तिघे त्यांना एक महिना शिकवतात. वहीत ‘ठीक’ हा शब्द लिहायला बंदी आहे, आकडाच लिहायचा. सहा कप्प्यांची सहा गुरुत्वे, चार्जर काढल्यावरची व्होल्टता, भार जोडल्यावरची व्होल्टता, एरियलकडून परत येणारी शक्ती, खोलीचे तापमान. पहिल्या तुकडीतल्या एका मुलीने पुढे परीक्षा दिली आणि आज ती व्हीयू३ आहे. रविवारच्या हजेरीला तिचा आवाज आला की मला बरे वाटते, पण सगळ्यांनी हॅम व्हावे अशी माझी अपेक्षा नाही.

शिक्षकांना एवढेच सांगतो, की याला फार साहित्य लागत नाही. हायड्रोमीटर आणि मल्टिमीटर बहुतेक प्रयोगशाळांतून असतातच. बरेचदा कपाटात, कुलपाखाली. जवळ रिपीटर नसेल तर शाळेचा इन्व्हर्टर आहे, ग्रामपंचायतीचा सौरदिवा आहे. मात्र वस्तू अशी निवडावी, की ती बंद पडली तर कोणाची तरी खरोखर अडचण होईल. तसे नसेल तर मुलांना ते लगेच कळते आणि मग पुन्हा ९.८ सुरू होते.

गेल्या हिवाळ्यात या मुलांनी आलेख काढून माझ्यापुढे ठेवला. मधल्या नोंदी हव्यात म्हणून त्यांनी व्होल्टता टिपून ठेवणारे एक लहान यंत्रही बॅटरीला जोडले होते. आलेखात एक विचित्र गोष्ट होती. काही दिवशी संध्याकाळी बॅटरी तासाभरात एकदम उतरत होती आणि रिपीटरवर तर त्या वेळी कोणी बोललेले नव्हते. मी म्हणालो, मीटर चुकत असेल. मुलगा म्हणाला, ‘सर, चुकायचा तर रोज चुकला असता. हे सगळे मंगळवार आहेत. त्यातही ज्या मंगळवारी वीज गेली होती तेच.’ माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी, वीज गेलेली असताना, तिघे बाईंना घेऊन वर गेले. खोलीची किल्ली गुरवमामांकडे असते. वीज नसली की देवीच्या आरतीचा कर्णा त्यांनी आमच्या बॅटरीवर लावलेला होता, आणि कित्येक वर्षे तसाच लावत होते.

गुरवमामा बिचारे ओशाळले. मंडळाने वर्गणीतून त्यांना कर्ण्यासाठी एक वेगळी बॅटरी घेऊन दिली आहे. तिचे पाणीही आता मुलेच पाहतात, आणि वहीत तिच्यासाठी एक सातवा रकाना आखला आहे.